ज्यू धर्म समजून घ्यायचाय? सुरुवात शनिवारपासून करा

ज्यू धर्माबद्दल काहीतरी वाचायचं असं ठरवलं की आपल्याकडचा माणूस बहुतेक दोन दारांतून आत शिरतो. एक म्हणजे बातम्या, म्हणजे इस्राएल, गाझा, निवडणुका, युद्ध. दुसरं म्हणजे बायबलचा जुना करार पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचा, मग उत्पत्ती छान जातं, अर्धं निर्गम पण जातं, आणि लेवीय आलं की यज्ञाची चरबी कशी जाळायची, त्वचेवर डाग आला तर याजकाने किती दिवस थांबायचं हे सगळं सुरू होतं आणि पुस्तक मिटतं ते मिटतंच. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने या दोन्ही दारांनी जाऊ नये. बातम्यांतून राजकारण कळतं, धर्म कळत नाही, आणि जुना करार एकटा वाचला तर असं वाटतं की ज्यू लोक अजूनही बकऱ्यांचे बळी देतात, जे गेल्या साडेएकोणीसशे वर्षांत झालेलं नाही.

हा धर्म आधी करायचा आहे, मानायचं त्यानंतर येतं. म्हणून शिकणाऱ्यानेही आधी हे लोक आठवडाभर काय करतात ते बघावं, मग ते का करतात, मग ते कुठून आलं. खालचा क्रम तसाच लावलाय. नावं मराठी बायबलमध्ये आहेत तशीच लिहितोय (मोशे, यिर्मया, कोरेश वगैरे) म्हणजे शोधायला सोपं जाईल. ज्यू आणि यहुदी एकच.

पायरी १ : एक शब्बाथ नीट समजून घ्या

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. ज्यू दिवस संध्याकाळीच सुरू होतो, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाचं वर्णन आधी संध्याकाळ मग सकाळ असं आहे. सूर्य मावळायच्या आधी घरातली बाई दिवे लावते, मग द्राक्षाच्या रसावर किंवा वाइनवर किद्दूश म्हणजे आशीर्वाद म्हणतात, दोन पाव झाकून ठेवलेले असतात ते उघडून सगळ्यांना तुकडा देतात आणि जेवण होतं. दोन पाव का, तर मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्यावर वाळवंटात रोज मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, पडायचा तो शुक्रवारी दुप्पट पडायचा, शनिवारी गोळा करायला लागू नये म्हणून.

शनिवारी काम नाही. पण काम म्हणजे नक्की काय, हा प्रश्न या लोकांनी शेकडो वर्षं घासूनपुसून बघितलाय. मिश्ना नावाच्या ग्रंथात कामाचे ३९ प्रकार दिलेत : नांगरणं, पेरणं, कापणं, दळणं, मळणं, भाजणं, विणणं, शिवणं, दोन अक्षरं लिहिणं, आग पेटवणं, आग विझवणं असे. वाळवंटात पवित्र मंडप उभारताना जी कामं लागली ती ही, असं परंपरा सांगते. त्यामुळे कष्ट होतात की नाही हा मुद्दाच नाही, जगात काहीतरी बनवणं किंवा बदलणं त्या दिवशी थांबवायचं. काटेकोर पाळणारे लोक आज गाडी चालवत नाहीत, लाइटचं बटण दाबत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत. मात्र कुणाचा जीव धोक्यात असेल तर हे सगळे नियम बाजूला ठेवायचे आणि ही नुसती सवलत नाहीये, तसं करणं कर्तव्य आहे.

आता इथे एक गोष्ट मुद्दाम करून बघा. दहा आज्ञा तोराहमध्ये (बायबलची पहिली पाच पुस्तकं) दोनदा येतात, निर्गम २० मध्ये आणि अनुवाद (हे पाचव्या पुस्तकाचं नाव) ५ मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून फक्त शब्बाथची आज्ञा वाचा. निर्गममध्ये कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी थांबला. अनुवादमध्ये कारण वेगळंच आहे, तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव आणि तुझ्या गावात राहणारा परका, सगळ्यांना विश्रांती मिळाली पाहिजे. एक कारण सृष्टीचं, दुसरं गुलामगिरीतून सुटण्याचं. या धर्मात पुढे जे जे भेटेल ते बहुतेक या दोनपैकी एका टोकाला बांधलेलं सापडेल, म्हणून ही दोन पानं घाईने वाचू नका.

आणि इथे कोकण येतं. अलिबागच्या परिसरात पूर्वी एक तेली समाज होता, त्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी ते घाणा चालवत नसत, म्हणजे घाण्याचा बैलसुद्धा अनुवाद ५ मध्ये लिहिल्याप्रमाणे उभा राहायचा. हेच बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. ते नक्की कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण बाहेरच्या ज्यू लोकांशी संबंध आला तेव्हा त्यांच्याकडे काय उरलं होतं ते बघा : शब्बाथ, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, आणि शमा नावाच्या प्रार्थनेचं पहिलं वाक्य. पुस्तक नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, देऊळ नाही, तरी एवढं टिकलं. या धर्माचा गाभा कोणता हे कुणा विद्वानाला विचारण्याऐवजी मी हीच यादी दाखवेन.

पायरी २ : शमा पाठ करा

अनुवाद ६:४. ऐक इस्राएल, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. सकाळ-संध्याकाळ म्हणतात, लहान मुलांना झोपताना शिकवतात, मरताना शेवटचे शब्द हेच असावेत अशी इच्छा असते. पुढच्याच ओळींत लिहिलंय की हे शब्द दाराच्या चौकटीवर लिही, म्हणून ज्यू घराच्या उजव्या चौकटीवर एक छोटी तिरकी नळी दिसते, तिच्यात चामड्याच्या पट्टीवर हाच मजकूर हाताने लिहिलेला असतो. तिला मेझुझा म्हणतात.

देव एक, त्याची मूर्ती नाही, चित्र नाही, आणि त्याचं चार अक्षरी नाव उच्चारायचंही नाही, वाचताना तिथे अदोनाय म्हणजे प्रभू असं म्हणतात. हा देव लोकांशी करार करतो. करार म्हटला की दोन बाजू आल्या, आणि म्हणून माणूस देवाशी वादही घालू शकतो. उत्पत्ती १८ वाचा. सदोम शहर नष्ट करणार असं देव सांगतो तेव्हा अब्राहाम विचारतो की पन्नास नीतिमान माणसं असली तर? पंचेचाळीस असली तर? असं करत करत दहापर्यंत खाली आणतो. देव रागावत नाही, प्रत्येक वेळी हो म्हणतो.

निवडलेले लोक या शब्दावरून खूप गैरसमज आहेत. त्यासाठी आमोस हे छोटं पुस्तक वाचा, इसवी सनपूर्व ८व्या शतकातला हा मेंढपाळ संदेष्टा सांगतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हाला देईन. निवड म्हणजे जास्तीची जबाबदारी, असा अर्थ तिथे आहे. ज्यू लोक धर्मप्रचारही करत नाहीत. ज्यू नसलेल्या माणसासाठी नोहाच्या सात आज्ञा पुरेत (खून करू नये, चोरी करू नये, न्यायालयं असावीत वगैरे), तेवढ्या पाळल्या तरी तो नीतिमान, असं परंपरा मानते. बाहेरून येऊन ज्यू होता येतं पण त्याला बराच अभ्यास लागतो, रब्बींची मंजुरी लागते, विधिपूर्वक स्नान लागतं. रूथ ही तशी आलेली परदेशी सून, आणि दावीद राजा तिचा पणतू.

पायरी ३ : मूळ कथा, परंपरा सांगते तशी

सगळं वाचायची गरज नाही. माझी यादी अशी : उत्पत्ती १२ ते ५०, निर्गम १ ते २० आणि ३२ ते ३४, लेवीय फक्त १९, अनुवाद ५, ६, ३० आणि ३४, मग रूथ पूर्ण (चारच अध्याय आहेत), आमोस, यिर्मया २९, नहेम्या ८. मराठी बायबल चालेल, फक्त एक लक्षात ठेवा की ज्यू लोक त्याला जुना करार म्हणत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने तो जुना झालेलाच नाही. येशूचं या धर्मात स्थान नाही, मसीहा म्हणजे देव पाठवणार तो तारणारा अजून यायचाय असं मानतात.

थोडक्यात कथा अशी. अब्राहाम ऊर नगरातून निघतो, हारानमार्गे कनान देशात येतो, देव त्याला संतती आणि भूमीचं वचन देतो. त्याचा मुलगा इसहाक, इसहाकाचा याकोब, याकोबालाच नंतर इस्राएल हे नाव मिळतं आणि त्याच्या बारा मुलांपासून बारा वंश. दुष्काळात सगळे मिसरात जातात, पुढे तिथे गुलाम होतात. मोशे त्यांना बाहेर काढतो, सीनाय पर्वतावर तोराह मिळते, चाळीस वर्षं वाळवंटात जातात, आणि मोशे स्वतः त्या देशात पाऊल ठेवत नाही, लांबून डोंगरावरून बघतो आणि मरतो. त्याची कबर कुठे आहे ते कुणाला माहीत नाही असं तोराहच सांगते (अनुवाद ३४). एवढ्या मोठ्या माणसाच्या कबरीची पूजा होऊ नये याची सोय ग्रंथानेच करून ठेवली असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. मग शौल, दावीद आणि शलमोन हे राजे, आणि यरुशलेममध्ये पहिलं मंदिर.

पायरी ४ : इतिहास वेगळ्या रकान्यात लिहा

वहीत दोन रकाने करा, एकात परंपरा, दुसऱ्यात उत्खनन आणि शिलालेख. दोन्हींची सरमिसळ केली की माणूस एक तर सगळंच खरं मानतो नाहीतर सगळंच खोटं.

अब्राहाम किंवा मोशे यांच्याबद्दल बायबलच्या बाहेर समकालीन पुरावा सापडलेला नाही, मिसरातून लाखो लोक बाहेर पडल्याचाही नाही. इस्राएल हे नाव सगळ्यात आधी भेटतं ते मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात, साधारण इसवी सनपूर्व १२०८ चा, तो १८९६ मध्ये थीब्जला सापडला. त्यात राजा बढाई मारतो की इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख १९९३ मध्ये तेल दान इथे सापडला, तो इसवी सनपूर्व ९व्या शतकातला, आणि तोही शत्रूनेच कोरलेला.

एकेश्वरवाद पहिल्या दिवसापासून पक्का होता असंही दिसत नाही. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रूद नावाच्या ठिकाणी साधारण इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराचे लेख मिळाले, त्यांत यहोवा (देवाचं तेच चार अक्षरी नाव) आणि त्याची अशेरा असे शब्द आहेत, अशेरा ही कनानी देवी. संदेष्टे लोकांवर मूर्तींवरून सारखे का ओरडत होते ते हे वाचल्यावर कळतं, कारण लोक खरंच इतर देवदेवता पूजत होते. एकच देव, दुसरा नाहीच, हा विचार हळूहळू आणि भांडणातून पक्का झाला आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ रूप यशयाच्या ४०व्या अध्यायापासून पुढे दिसतं, जो भाग बहुतेक अभ्यासक बाबेलच्या (बॅबिलोनच्या) निर्वासाच्या काळातला मानतात, त्याबद्दल पायरी ५ मध्ये येईलच. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ एका थडग्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या, साधारण इसवी सनपूर्व ६०० च्या, त्यांच्यावर गणना ६ मधला याजकांचा आशीर्वाद कोरलाय. बायबलमधल्या मजकुराचा आज हातात असलेला हा सगळ्यात जुना नमुना, आणि तोच आशीर्वाद आजही सिनेगॉगमध्ये म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात म्हणतात आणि शुक्रवारी रात्री आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात.

शलमोनानंतर राज्य दुभंगलं. उत्तरेचं इस्राएल अश्शूरच्या (असिरियाच्या) लोकांनी इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास संपवलं आणि तिथले वंश पांगले. दक्षिणेचं यहूदा उरलं, ज्यू हा शब्द त्यावरूनच.

पायरी ५ : दोन सनावळ्या पाठ करा, इसवी सनपूर्व ५८६ आणि इसवी सन ७०

बाकीचे सन विसरलात तरी चालेल. या दोन वर्षी मंदिर पाडलं गेलं आणि दोन्ही वेळा धर्म मरायला हवा होता, तो मेला नाही. तो का मेला नाही हे ज्याला कळलं त्याला ज्यू धर्म कळला असं मी म्हणेन.

इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, आणि बऱ्याच लोकांना बाबेलला नेलं. त्या काळात देव हा त्या त्या भूमीचा असायचा, भूमी गेली की देव हरला. पण यिर्मयाने निर्वासितांना जे पत्र पाठवलं (अध्याय २९) ते वाचा : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे देव तिथेही आहे. परक्या मुलुखात राहून आपलं आपण टिकवायचं आणि त्या मुलुखाचंही बरं बघायचं, ही पुढच्या अडीच हजार वर्षांची रीत या एका पत्रात आहे.

इसवी सनपूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश (सायरस) राजाने बाबेल जिंकलं आणि एज्राच्या पुस्तकानुसार ज्यूंना परत जायची परवानगी दिली. कोरेशची मातीची प्रसिद्ध नळकांडी २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती, काहींनी बघितली असेल. तिच्यावर ज्यूंचं नाव नाहीये, पण वेगवेगळ्या ठिकाणचे देव आणि माणसं परत पाठवण्याचं धोरण आहे. यशया तर या परधर्मी राजाला देवाचा अभिषिक्त म्हणतो. दुसरं मंदिर इसवी सनपूर्व ५१५ च्या सुमारास उभं राहिलं. पण सगळे परत गेले नाहीत, बरेच बाबेलमध्येच राहिले, आणि हे पुढे फार उपयोगी पडणार होतं.

मग नहेम्या ८. एज्रा चौकात लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत सगळ्या बायका-पुरुषांसमोर तोराह वाचतो आणि लेवी लोक (मंदिराची सेवा करणारा वंश) गर्दीत फिरून अर्थ समजावून सांगतात. लोक रडतात. याजकापुरतं असलेलं ज्ञान चौकात येतं. माझ्या मते या धर्मातला सीनायनंतरचा सगळ्यात मोठा प्रसंग हाच आहे.

मधला भाग भरभर. सिकंदर येतो, ग्रीक संस्कृती येते, अलेक्झांड्रियात तोराहचं ग्रीक भाषांतर होतं. इसवी सनपूर्व १६७ मध्ये अंतियोखस राजा शब्बाथ आणि सुंतेवर बंदी आणतो आणि मंदिर बाटवतो, मक्काबी घराणं बंड करतं आणि १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करतात, हानुक्का त्याचाच सण. मग इसवी सनपूर्व ६३ मध्ये रोमन पाँपी. त्या काळात ज्यूंमध्येच सदूकी, परूशी, एसेनी असे गट होते, मृत समुद्राजवळ १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्या अशाच एका गटाच्या असाव्यात असं बरेच जण मानतात.

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीतसने यरुशलेम घेतलं आणि दुसरं मंदिर जाळलं. रोममध्ये तीतसची कमान अजून उभी आहे, तिच्यावर सात फाट्यांची समई खांद्यावरून नेणारे सैनिक कोरलेत. यज्ञ संपले, याजकांचं काम संपलं. तलमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, पायरी ६ बघा) कथा आहे की वेढा चालू असताना योहानान बेन झक्काई या रब्बीला शिष्यांनी प्रेत म्हणून शवपेटीतून शहराबाहेर काढलं आणि त्याने रोमन सेनापतीकडे शहर मागितलं नाही, मंदिर मागितलं नाही, याव्ने गाव आणि तिथले विद्वान एवढंच मागितलं. मंदिर पडल्यावर एक शिष्य रडतो की आता पापक्षालन कशाने होणार, तेव्हा योहानान म्हणतो की आपल्याकडे तितकंच समर्थ दुसरं साधन आहे, माणसांशी प्रेमाने वागणं. यज्ञाच्या जागी प्रार्थना आली, वेदीच्या जागी घरातलं जेवणाचं टेबल आलं, मंदिराच्या जागी अभ्यास आला. इसवी सन १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाचं बंड झालं आणि तेही रोमनांनी चिरडलं.

पायरी ६ : वाद घालायला शिका

तनाख म्हणजे ज्यूंचं बायबल, २४ पुस्तकं, तीन भागांत : तोराह, संदेष्टे, लेख. याला लेखी तोराह म्हणतात. त्याबरोबर तोंडी तोराह होती, ती साधारण इसवी सन २०० ला रब्बी यहूदा हनासी याने मिश्ना म्हणून संकलित केली, सहा विभाग, ६३ प्रकरणं. मिश्नावर पुढची तीन-चारशे वर्षं जी चर्चा झाली ती तलमूद, एक यरुशलेमचा आणि एक बाबेलचा, जास्त चालतो तो बाबेलचा. परत न गेलेल्या लोकांचा उपयोग झाला तो इथे.

तलमूदच्या पानावर मधे मजकूर, एका बाजूला ११व्या शतकातल्या राशी नावाच्या रब्बीची टीका, दुसऱ्या बाजूला त्याच्या नंतरच्यांची, म्हणजे वेगवेगळ्या शतकांतली माणसं एकाच पानावर एकमेकांशी बोलतात. रोज एक पान असं वाचायची पद्धत १९२३ पासून जगभर चालते, २७११ पानं आहेत, साडेसात वर्षं लागतात. नवशिक्याने हे करू नये. मिश्नामधलं पिर्के आवोथ हे छोटं प्रकरण घ्या, नुसती वचनं आहेत, महिनाभरात सहज होईल. सेफारिया या वेबसाइटवर हे सगळं मूळ आणि इंग्रजी भाषांतरासकट फुकट आहे.

पण एक कथा आत्ताच वाचा. तलमूदमधलं बाबा मेत्सिया हे प्रकरण, पान ५९. एका भट्टीच्या शुद्धतेवरून वाद आहे. रब्बी एलियेझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलियेझर म्हणतो माझं बरोबर असेल तर हे झाड सिद्ध करेल, झाड उपटून शंभर हात लांब जातं. बाकीचे म्हणतात झाडाने काही सिद्ध होत नाही. ओढा उलटा वाहतो, भिंती झुकतात, शेवटी आकाशवाणी होते की एलियेझरचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशवा उभा राहतो आणि तोराहमधलेच शब्द ऐकवतो, ती आकाशात नाही (अनुवाद ३०:१२). म्हणजे तोराह एकदा दिली, आता अर्थ माणसांनी बहुमताने ठरवायचा. आणि देव काय करतो, तर हसतो आणि म्हणतो माझ्या मुलांनी मला हरवलं.

इथपर्यंतची कथा बरेच जण सांगतात. पुढची सांगत नाहीत. जिंकलेले लोक एलियेझरवर बहिष्कार घालतात, त्याला एवढं दुःख होतं की पिकं जळतात, आणि बहिष्कार घालणाऱ्यांचा प्रमुख त्या दुःखापायी मरतो. ही कथा तलमूदने ठेवलीय ती शब्दांनी कुणाला दुखावू नये या चर्चेत. बहुमत बरोबर होतं आणि तरी एका माणसाला तोडलं हे चूक होतं, दोन्ही एकत्र.

पायरी ७ : लेवीय १९ मोठ्याने वाचा

आज्ञा ६१३ आहेत असं परंपरा मोजते, २४८ करायच्या आणि ३६५ न करायच्या. यातल्या खूपशा मंदिराशी जोडलेल्या, त्या आज लागू नाहीत. शिकवण काय हे बघायला एकच अध्याय पुरेसा आहे. शेत कापताना कोपरे सोडून दे, ते गरिबाचे आणि परक्याचे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. वजनं-मापं खरी ठेव. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर. आणि थोडं पुढे, परक्यावरही स्वतःसारखं प्रेम कर, कारण तुम्ही मिसरात परके होता. तराजू आणि प्रेम एकाच अध्यायात, शेजारी शेजारी.

गरिबाला देणं ही इथे दया नाही, न्याय आहे, म्हणून ते ऐच्छिक नाही. १२व्या शतकातल्या मैमोनिडीस या रब्बीने देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या, सगळ्यात वरची म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा मागावं लागू नये.

खाण्याचे नियम : चतुष्पाद प्राणी खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा हवा, मासा पर आणि खवल्यांचा हवा (म्हणजे कोळंबी, खेकडे नाहीत, पापलेट चालतं), रक्त खायचं नाही, मांस आणि दूध एकत्र नाही. करडू आईच्या दुधात शिजवू नको हे वाक्य तोराहमध्ये तीनदा येतं. मृत्यूनंतर काय यावर तोराह फारसं बोलत नाही, पुढे पुनरुत्थानाचा विचार आला, पण भर या जगावर आहे.

पायरी ८ : कॅलेंडर, जे मराठी माणसाला लगेच कळेल

महिने अमावास्येनंतरच्या चंद्रापासून सुरू होतात आणि सूर्याशी मेळ घालायला १९ वर्षांत ७ वेळा जास्तीचा महिना घालतात, आपल्या अधिक महिन्याचंच काम. त्यामुळे पुरीम हा सण बहुतेक वेळा होळीच्या आसपास येतो, सुक्कोथ हा सण बऱ्याचदा कोजागिरीच्या सुमारास. बेने इस्राएलांनी सणांना आपली मराठी नावं दिली होती : रोश हशाना (ज्यू नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण कारण त्या दिवशी दारं बंद करून घरात उपास करायचे, त्याचा दुसरा दिवस शिळा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, आणि मंदिरं पडल्याच्या शोकाचा, आव महिन्याचा नववा दिवस म्हणजे बिरड्याचा सण.

सगळ्यात आधी वल्हांडण म्हणजे पेसाह समजून घ्या, मिसरातून सुटल्याची आठवण, आठवडाभर बिनखमिराची भाकर. पहिल्या रात्री टेबलावर हग्गादा, म्हणजे त्या सुटकेच्या कथेचं पुस्तक, वाचतात आणि सुरुवात सगळ्यात लहान मुलाच्या प्रश्नांनी होते. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये छापली होती आणि पुण्यात १८७४ मध्ये जी निघाली तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका ही भाकर करताना दाखवल्यात.

पायरी ९ : सिनेगॉग बघायला जा

मुंबईत मशीद बंदरजवळ शाआर हारहमीम आहे, १७९६ चं, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं, स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. फोर्टमध्ये क्नेसेथ एलियाहू १८८४ चं, पुण्यात ओहेल दावीद १८६७ चं, ज्याला सगळं पुणं लाल देऊळ म्हणतं, अलिबागला मागेन आबोथ.

आधी फोन करून विचारा, न सांगता गेलात तर सुरक्षेमुळे आत सोडणार नाहीत, ओळखपत्र जवळ ठेवा. शब्बाथला किंवा सणाला जायचं असेल तर आधी ओळखीतून परवानगी घ्या आणि त्या दिवशी फोन बंद, फोटो नाही, लिहून घेणं नाही, पैसे देणं नाही, देणगी द्यायचीच तर इतर दिवशी द्या. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते, रुमालही चालतो. बायकांनी खांदे-गुडघे झाकतील असे कपडे, बसायची जागा बहुतेक ठिकाणी वेगळी किंवा वर गॅलरीत. खायला काही घेऊन जाऊ नका. तोराहची गुंडाळी कपाटातून बाहेर काढली की सगळे उभे राहतात, तुम्हीही उभे राहा, पण हात लावू नका. आतल्या माणसांना इस्राएलच्या राजकारणावर मत विचारू नका, ते कोकणातले किंवा मुंबईतले मराठी लोक आहेत, त्यांना त्यांच्या आजीने कुठले सण कसे केले ते विचारा, तासभर बोलतील.

ओळख वाढली आणि कुणी घरी मलिदा या विधीला बोलावलं तर जरूर जा. नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घरात असा तो करतात. ताटात नारळ आणि साखर घालून गोड केलेले पोहे असतात, त्यावर फळं, आणि आधी एलियाहू हनाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं म्हणतात, मग प्रत्येक फळावर वेगळा आशीर्वाद म्हणतात, झाडावरच्याला एक आणि जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. सगळे आशीर्वाद संपेपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही, आणि प्रत्येक आशीर्वादानंतर आमेन म्हणायचं.